धूसर नसलेला फोटो

दादा,

"तू बहीण माझी की त्या शार्कची?" असं काल तू अख्ख्या वॉर्डासमोर ओरडलास. हल्ल्याच्या वेळचा फोटो धूसर आहे, तुझा पाय तोडणारी शार्क ओळखता येत नाही, असं मी म्हणाले होते. खोटं बोलले. पाठीवरच्या पराच्या खाचांवरून आम्ही संशोधक एकेक शार्क ओळखतो, आणि हिला तर मी अकरा वर्षं ओळखते. तिच्या अंगावर यंत्र मीच बसवलंय. ती आत्ता कुठे आहे, ते समोर पडद्यावर दिसतंय. तिला मारायला तुझे मित्र बोट घेऊन तयार आहेत. असू देत! वयात यायला तिला तीस वर्षं लागली, आता कुठे पोटुशी आहे. सांगणार नाही म्हणजे नाही.

हे पत्र फाडून उद्या तुझी पट्टी बदलायला येईन. शिव्या घाल हवं तर. पुन्हा विचारलंस, तर फोटो पुन्हा धूसरच असेल.

तुम्हा दोघांची
बहीण