एका सुताचं भोक

अंबड, नाशिक
११ मे २००६

ललिताताईस फकिराचा नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज म्हणतो आज लिहू, आणि रोज काहीतरी आडवं येतं. खरं तर येत नाही, मीच आणतो. काल कागद घेऊन बसलो, तर समोरच्या गॅरेजात एकानं माकड आणलेलं. दोन तास तिथंच. भाची हर्षाली पास झाली हे वाचून बरं वाटलं. इथं ऊन मरणाचं आहे.

‘हे महिनाभर आले नाहीत, बरे आहेत ना?’ असं तू विचारलंस. बरे असतील. बंगल्यावर मात्र नाहीत.

सांगतो. दाजी त्या गंगापूर रोडच्या बंगल्यावर अकरा वर्षं वॉचमन. शेठला सात फुटी माशांची टाकी बसवायची होती, तेव्हा दाजींनीच माझं नाव पुढं केलं. “मेव्हणा हेच काम करतो, शेठ. हात चांगला आहे त्याचा.”

एवढ्या मोठ्या टाकीला खाली कपाटात दुसरी टाकी ठेवतात. तिला संप म्हणतात. वरचं पाणी पाइपानं खाली उतरतं, स्पंजातून, दगडांतून गाळलं जातं आणि मोटर ते दुसऱ्या नळीनं परत वर चढवते. लाइट गेली की मोटर बंद, मग तीच नळी वरचं पाणी उलटं खाली ओढते. म्हणून नळीला वरच्या पातळीपाशी एका सुताचं, रिफिलीएवढं, भोक पाडायचं. हवा शिरली की ओढ तुटते. पाच मिनिटांचं काम.

माझा ड्रिलचा बिट तुटला. नवा आणायला भद्रकालीत गेलो, तिथं माझा दोस्त रविराज नव्या गाडीवर. “चल सापुताऱ्याला!” दोन दिवसांनी परत आलो. मोटर लावली, पाणी झकास फिरायला लागलं, शेठ खूश. भोक आठवलं होतं, ताई. म्हटलं, पुढच्या खेपेला पाडू.

चौथ्या दिवशी दुपारचं लोडशेडिंग. शेठमंडळी बाहेर, दाजी गेटवर. संप भरून वाहिला, हॉलभर पाणी. शेठचा लाडका अरोवाना, हातभर मासा, उरलेल्या वीतभर पाण्यातून उसळला आणि फरशीवर तडफडून मेला.

शेठनं मला बोलावलं. मी म्हणालो, “नळीला कॉक आहे, शेठ. लाइट गेली की बंद करा, असं दाजींना सांगून ठेवलं होतं.”

कॉक होता. सांगितलं नव्हतं.

दाजी माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “सांगितलं असंल त्यानं. माझंच ध्यान नसंल.”

दाजींकडं बोट करून शेठ म्हणाला, “मासा याच्या डोक्यातच सोडायला हवा होता, तिथं नुसतं पाणीच आहे.” शेठाणी हसली, ड्रायव्हर हसला. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.

मग दाजींना तो मासा दोन्ही हातांवर घेऊन भर उन्हात बागेत पुरायला लावला. आल्यावर शेठ म्हणाला, “वर्दी आमची आहे. इथंच काढ.” दाजींनी एकेक बटण काढलं, शर्ट-पँट घडी करून ठेवली आणि बनियन-चड्डीवर खोलीकडं गेले, पिशवी आणायला. मला चहा मिळाला. चहा पिऊन मी भोक पाडलं.

तेव्हापासून त्यांना शोधलं नाही. घाबरत होतो, सापडतील म्हणून.

ताई, थांब. दारात कोण आहे बघतो. दाजी आलेत. दाढी वाढलीय, पायात चप्पल नाही. इतके दिवस द्राक्षाच्या गोडाऊनमध्ये खोके उचलत होते म्हणे. मी उठलो, तर माझा हात धरून म्हणतात, “फकिरा, तुझं पहिलं मोठं काम माझ्यापायी नासलं. माफ कर बाबा.”

मी त्यांना पाणी दिलं आणि परत लिहायला बसलो. शेजारी बसून कागदाकडं बघतायत. त्यांना वाचता येत नाही म्हणून लिहितोय.

“ललीला लिहितोस ना? माझंही लिही. म्हणावं, चूक माझी होती, फकिराला बोल लावू नको.”

लिहिलं. वाचूनही दाखवलं, तेवढीच ओळ. त्यांनी मान हलवली.

चारच्या कळवण गाडीनं तुझ्याकडं येतायत. पत्र त्यांच्याच हाती देतोय. त्यांना खरं काय ते तोंडानं सांगायची छाती नाही माझी, ते तुझ्यावर टाकतो.

ज्याला तू भाऊ म्हणतेस तो,
फकिरा