खिळ्यावरचा तुकडा

वहिनी,

तुम्ही चर्चमध्ये जायला लागलात आणि माझं डोकं फिरलं. तुमच्या शिलाईच्या दुकानाच्या पाटीवर डांबर फासलं ते मीच. शिडीवरून उतरताना कोटाची बाही पाटीच्या खिळ्यात अडकून फाटली, तुकडा तिथेच राहिला. हिला यातलं काही ठाऊक नाही. हिनं कोट रफूला नेमका तुमच्याकडेच टाकला. तुम्ही चारचौघांत माझे वाभाडे काढणार, या धास्तीनं मी आठवडाभर तुमची गल्ली टाळली.

आज कोट आला. बाहीला त्या खिळ्यावरचाच तुकडा, टाका शोधून सापडत नाही. हिच्याजवळ तुमचा निरोप एवढाच: "भाऊजींसाठी रोज प्रार्थना करते. थंडी आहे, कोट घालायला सांग."

असं रफू नुसत्या हातानं होत नाही, वहिनी.

हे पत्र द्यायचं धाडस नाही. उद्या भरदिवसा रॉकेल आणि चिंध्या घेऊन पाटी पुसायला येतो. कोट घालून.

तुमचा धाकटा दीर