लिंपलेली भिंत

॥ गोल्ज्यू प्रसन्न ॥

बुंगाधार,
१६ एप्रिल १९९७

चि. गोविंदीस अ. आ. वि. वि.

परवा संध्याकाळी सुखरूप पोहोचलो. अगं, चैतात भावाने बहिणीला भिटौली पोहोचवायची असते, बहिणीने भावाचा हमाल करायचा नसतो. मी पुऱ्या आणि लुगडं घेऊन आलो आणि परत येताना माझ्या पाठीवर गूळ, लिंबं, दोन किलो तांदूळ आणि माझ्या बायकोसाठी, तुझ्या लाडक्या बोज्यूसाठी, तू घेतलेल्या चपला. चढावर तीनदा बसलो. चपला तिला अर्धं बोट मोठ्या होतात, पण कबूल करेल तर ती तुझी बोज्यू कसली! मागे जागा असली की हवा खेळते म्हणते.

तू घराचं विचारलंस, तेव्हा तुझी लेक कंचन समोर होती म्हणून बोललो नाही. रस्त्याचं काम आता गावाखालच्या वळणाला लागलं आहे. दिवसातून दोनदा सुरुंग उडतो आणि फळीवरची भांडी वाजतात. तीस वर्षं मी चौथीला 'आपला जिल्हा' शिकवला. उत्तरेला बर्फाचे डोंगर, मधून गोरी नदी, लोक काटक आणि कष्टाळू, आणि शेवटचा धडा विकास. परीक्षेआधी तो धडा कधी पुरा झाला नाही. घरी वाचून या, असं सांगून मी मोकळा व्हायचो. आता तो माझ्याच घरी आला आहे.

मागच्या भिंतीच्या भेगेत माघात बोट जायचं, आता तुझ्या बोज्यूचा पंजा बांगड्यांसकट जातो. फेब्रुवारीत दोन माणसं येऊन घरोघरच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून गेली. काच तडकली की डोंगर सरकतोय म्हणायचं. आपली आठवड्यात तडकली. वीस जूनला तपासणीचं पथक येईल. ज्याच्या भिंतीला भेग, त्याचं नाव यादीत, आणि यादीतल्यांना पावसाचा जोर वाढण्याआधी हलवून पुढे खाली भाबरात, डोंगरपायथ्याच्या सपाटीवर, जागा. ज्याचं नाव नाही, त्याने इथेच राहायचं. गावात एकतीस घरं, चूल पेटते ती अकरांत. अकराही घरं रोज आधी काच बघतात, मग चहा पितात.

तू काळजी करू नकोस. एवढी ठसठशीत भेग आंधळ्यालाही दिसेल. लग्नाच्या वयाची झाली तरी पाढे चुकणाऱ्या कंचनला बाकी सगळ्यासाठी शाबासकी सांग. म्हाताऱ्यावरची माया अशीच वाहती ठेव.

तुझा दाज्यू,
खीमसिंह

&nbsp;

हल्द्वानी,
१४ मे १९९७

ती. दाज्यूंस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी गोड बातमी. कंचनला मागणी आली आहे! मुलगा बागेश्वरकडचा, फौजेत कारकून आहे, बोलतो कमी आणि हसतो बरा. कंचन वरवर नाक मुरडते आणि दिवसातून चारदा त्याचा फोटो कुठे ठेवला ते विचारते.

अडचण एकच. मुलाचे आजोबा जुन्या वळणाचे. दुकानामागच्या एका खोलीत राहणाऱ्या विधवेच्या दारी वरात कशी आणायची, असं त्यांनी तोंडावर विचारलं. मला राग आला, पण गिळला. मुलीला मामाचं घर आहे, मामाच तिचा बाप, असं मी म्हटलं. मग वरात मामाच्या दारी येईल, पण आधी आम्ही घर बघू, असं ठरलं. आठ जूनला ते तुमच्याकडे येतील. सोबत मुलाची काकी आहे. ती बाई भांडं उलटं करून बूड बघणाऱ्यांतली आहे, तेव्हा बोज्यूला सावध करा.

दाज्यू, आता मागायला जीभ रेटत नाही तरी मागते. ती भेग त्यांना दिसू देऊ नका. मामाच्याच डोक्यावर छप्पर राहणार नाही असं काकीला वाटलं, तर सगळं मोडेल. बोज्यूच्या हाताला यश आहे. तिने लाल माती घालून भिंत लिंपली आणि वर तांदळाच्या पिठाचं ऐपण काढलं, तर बघणारा बघतच राहील. तपासणी वीसला आहे. मधे बारा दिवस मिळतात. तोवर माती वाळून आपोआप फुटेल, नाही तर बोज्यू एका थापेत पाडेल.

वडील गेल्यापासून या पोरीचं एकही काम सरळ झालेलं नाही. एवढं होऊ द्या. बोज्यूला पायलागू. उत्तर लवकर धाडा, तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुमची,
गोविंदी

&nbsp;

बुंगाधार,
१२ जून १९९७

चि. गोविंदीस अ. आ. वि. वि.

मंगसिरात लग्न, थंडी पडली की. लिही कंचनच्या कपाळावर!

तुझ्या बोज्यूने चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. खालच्या ओढ्यावरून लाल माती आणली, तीत गवताचा भुसा आणि शेण मळलं आणि भेग अशी बुजवली की रोज बघणारा मीही ती कुठे होती ते चाचपडत होतो. काचेच्या पट्ट्याही काढल्या. भिंतीला मलमपट्टी केल्यासारखं दिसतं म्हणाली. वर असं ऐपण काढलं की आमच्या लग्नातही नव्हतं. तसं मी म्हणालो, तर आमच्या लग्नात तिला काढावंसं वाटलं नव्हतं, असं उत्तर मिळालं.

पाहुण्यांना चुडकाणी, भांगाच्या बियांची चटणी, मोहरी लावलेलं काकडीचं रायतं. मोहरी काकीच्या नाकात गेली, तिच्या डोळ्यांतून धारा, आणि त्या धारांतूनच ती भिंतीकडे बघत होती. अशी भिंत तिच्या सासर-माहेरात नाही, हे तिने दोनदा सांगितलं. बोज्यू तेव्हापासून जमिनीवर नाही. आजोबांनी अंगणात उभं राहून वरात कुठे थांबेल ते काठीने आखलं. मी शब्द दिला, मंगसिरात हे दार उघडं असेल.

पथकही येऊन गेलं, ठरल्यापेक्षा जरा लवकर. त्याचं सावकाश लिहीन. तू आता फक्त कंचनच्या साड्यांचं बघ आणि या मामाला विसरू नकोस.

तुझा दाज्यू,
खीमसिंह

&nbsp;

बुंगाधार,
९ जुलै १९९७

चि. गोविंदीस तुझ्या बोज्यूचे आ.

मला लिहिता येत नाही ते तुला ठाऊकच आहे. डाकवाला प्रेमबल्लभ पाणवठ्यावर बसून लिहितोय, मी कपडे धुतेय. मास्तरांना यातलं काही कळू द्यायचं नाही. प्रेमबल्लभने जानव्याची शपथ घेतली आहे.

पथक वीसला येणार होतं, ते दहालाच आलं. पाऊस लवकर दिसतोय म्हणून लवकर उरकत होते. पाहुणे जाऊन दोन दिवस झाले होते, भिंत अजून ओली होती. इंजिनियर पोरगाच होता, दमलेला. मी चहा दिला. त्याने भिंतीपुढे उभं राहून फोटो काढला, जिल्ह्यात इतकं सुंदर घर बघितलं नाही म्हणाला आणि वहीत सुरक्षित असं लिहिलं. तुझे दाज्यू समजवायला लागले. बहीण, भाची, मुलाची काकी, सगळं पहिल्यापासून, वर्गात सांगतात तसं. तो हसला. भाबरातली जमीन कुणाला नको असते मास्तर, असं म्हणाला.

माझं डोकं फिरलं. कुदळ आणली आणि माती उकरायला लागले. घाईत मातीबरोबर दोन दगडही निघाले. झालं! त्याने पुन्हा वही उघडली. जमिनीच्या लोभाने घरमालकीण स्वतः भिंत पाडते, असं लिहून घेतलं. माझ्या हाताने गं, गोविंदी, माझ्याच हाताने. काकीने वाखाणलं तेव्हा केवढी फुगले होते मी.

बाकी दहाही घरांचं नाव यादीत आलं. ते सगळे जूनअखेरीस खालच्या शाळेत गेले. आता गावात आम्ही दोघं आणि गाय. पाण्याला जाताना दहा कुलपं ओलांडते. भेग पुन्हा उघडली आहे, आता तिच्यातून मागची चढण दिसते. मास्तरांनी तीन अर्ज केले. मी म्हटलं, त्यापेक्षा न्यायाच्या देवाकडे, गोल्ज्यूच्या देवळात अर्ज टांगा, तिथे निदान घंटा तरी वाजते.

खाली चला म्हटलं तर ऐकत नाहीत. मंगसिरात वरात इथे यायची आहे, दार बंद दिसलं तर पोरीचं मोडेल, एवढंच धरून बसलेत. तुला लिहायचं नाही अशी मला तंबी आहे. माझं कधी ऐकलं नाही त्यांनी, तुझ्यासाठी मात्र पाठीवर ओझी घेऊन डोंगर चढतात. तू काहीतरी कर आणि त्यांना इथून ओढून काढ. प्रेमबल्लभ लिहिता लिहिता रडतोय, मी नाही. चपला अजून नव्याच आहेत, लग्नात घालीन म्हणून ठेवल्यात. तुझा जीव माझ्यावर आहे तसाच राहू दे.

तुझी,
बोज्यू

&nbsp;

हल्द्वानी,
१९ जुलै १९९७

ती. दाज्यूंस शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी कळवते. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कंचन ठीक आहे, पोर समजूतदार आहे.

तेव्हा आता मंगसिरात वरात यायची नाही. तुमच्या दारी कुणी यायचं नाही, मग ते उघडं ठेवायचं कशासाठी? पत्र मिळेल त्या दिवशी गाय सोडून किंवा घेऊन, जसं जमेल तसं, बोज्यूला घेऊन खाली या. माझी खोली लहान आहे, पण तिघांत पाच मावतात असं आपली आईच म्हणायची. मला तब्येतीने बरं नाही, तेही एक आहे. या, दाज्यू. तुमच्या पायाशी एवढं एकच मागणं.

तुमची,
गोविंदी

&nbsp;

खालची शाळा,
११ ऑगस्ट १९९७

चि. गोविंदीस अ. आ. वि. वि.

तार तुला मिळाली असेल. तारेत मावलं नाही ते लिहितो.

तुझं पत्र अठ्ठावीसला आलं. तुझी बोज्यू म्हणाली, आता तरी चला. मी म्हटलं, आधी बागेश्वरला जाऊन आजोबांचे पाय धरतो, मामा जिवंत असताना पोरीचं असं मोडू देणार नाही. तिलाही चल म्हटलं. पण गाय व्यायला झाली होती आणि गावात बघायला कुणी उरलं नव्हतं. तीन दिवसांत येतो म्हणालो. निघताना आणखी एक वाक्य बोललो, तेवढं तुला सांगितल्याशिवाय मला झोप नाही. म्हणालो, पाहुणे मानले तर पुन्हा बघायला येतील, ती भिंत जरा नीट करून ठेव.

आजोबा अंगणातच होते. मला बघून म्हणाले, मामा, मोडलं असं तुम्हाला कुणी सांगितलं? काकीने जेवायला वाढलं, बोज्यूच्या भिंतीची पुन्हा आठवण काढली. तेव्हा मला कळलं, तू खोटं लिहिलं होतंस. मी रागावलो नाही गं. घास हातात धरून हसत सुटलो. माझीच बहीण, दुसरं काय करणार. काकीने बोज्यूसाठी तिळाचे लाडू बांधून दिले. आजोबांना मी सगळं खरं सांगितलं आणि त्यांनी वरात तुझ्या खोलीवर आणायचं कबूल केलं. परतीच्या वाटेवर ठरवून टाकलं होतं, आता घरी पोहोचायचं आणि हिला घेऊन उतरायचं.

एकतीसच्या सकाळी मागची चढण खाली आली. मी पोहोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. डोंगराच्या धारेवरून बघितलं तर आपलं घर सापडेना. वाटलं, डोळे गेले. दहा कुलूपबंद घरं जागच्या जागी आहेत, गोविंदी. यादीतली सगळी उभी आहेत.

शाळेतली माणसं माझ्याआधी धावली होती. तिला काढलं तेव्हा कोपरापर्यंत हात लाल होते. ती भिंतच लिंपत होती. गाय वाचली, व्यालीसुद्धा. वासरू आहे. चपला सापडल्या, त्या मी तिच्या पायांत घातल्या. खरंच अर्धं बोट मोठ्या होत्या.

प्रेमबल्लभने परवा शपथ मोडली आणि तिने काय काय लिहवून घेतलं होतं ते सांगितलं. तू आता सगळं स्वतःवर घेत बसशील, मी तुला ओळखतो. भिंत लिंपायला तू सांगितलंस, पण दुसऱ्यांदा मी सांगितलं, आणि दोन्ही वेळा तिने हौसेने लिंपली. तिघांत वाटून घेऊ म्हटलं तरी ती घ्यायला नाही. कंचनला यातलं काही सांगू नकोस. लग्न मंगसिरातच होऊ दे, मी उभा राहीन. वर्षाच्या आत करू नये असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

काल तोच इंजिनियर आला होता. मान वर करत नव्हता. आपलं घर यादीत घेतलं म्हणाला, आणि भरायला कागद दिला. गाव, घरमालक, घरात राहणारी माणसं. त्या रकान्यात मी दोन लिहिलं. त्याने पेन घेतलं, ते खोडलं आणि एक केलं.

चैतात मी असेन तिथून तुझी भिटौली येईल. पुऱ्या बाजारच्या असतील, चालवून घे.

तुझा दाज्यू,
खीमसिंह