बाबांना पाठवलेलं सिरप

वर्धा, ४ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञेश यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. बाबा काल दवाखान्यातून घरी आले. आता बरे आहेत. साखर चारशेच्या वर गेली, चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली, तेव्हा तू पाठवलेल्या खोकल्याच्या सिरपच्या दोन्ही बाटल्या निघाल्या, रिकाम्या. दिवसातून पाच-सहा वेळा झाकण भरून घेत होते. गोड लागतं, पोरानं पाठवलं आहे, म्हणायचे. आजारानंही साखर वाढते, पण वरून हे नको होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी तुला विचारलं होतं, डायबेटिसवाल्याला चालते ना रे म्हणून. तर तू डाफरलास की फार्मसी मी शिकतोय की तू. मग मी बाटल्या बाबांना दिल्या. म्हटलं, पोट्ट्याला कळत असेल.

फोन काहून उचलत नाहीस, तेवढं लिही.

तुझ्या चार ओळींची वाट पाहणारी,
रतन

कात्रज, पुणे, ९ डिसेंबर

आ. रतनताईस,
स. जय भीम वि. वि.

उचलायला तोंड नाही. लिहिताना निदान तुझा आवाज ऐकू येत नाही.

ताई, मी कॉलेज सोडून पाच महिने झाले. जुलैत प्रॅक्टिकलला एक जण माझ्या वर्गातल्या वैष्णवीबद्दल वाकडं बोलला, मी त्याचं नाक फोडलं. कॉलेजनं माफीनामा मागितला, तो मी प्राचार्यांसमोर फाडला आणि निघालो. वाटलं, वैष्णवी मागोमाग येईल. आलीही, पण तुला हे करायला कुणी सांगितलं होतं, एवढंच विचारून परत गेली. तरी मी रोज संध्याकाळी तिच्या सोसायटीच्या गेटसमोर असतो. सिरपचं विचारायला तुझा फोन आला तेव्हाही तिथेच होतो. ती नेमकी बाहेर येत होती, म्हणून तुला तोडून बोललो. बाटलीवरचं मी वाचलंही नव्हतं.

सध्या श्रीधरकाकांच्या सरबताच्या कारखान्यात साखरेचा पाक ढवळतो. खस असो, गुलाब असो, तळाशी पाकच. परवा त्यांना बाबांचं सांगितलं. ते म्हणाले की सिरप हा शब्द मुळात अरबी शराबवरून आला. तिकडे त्याचा अर्थ नुसतं पेय, आपलं सरबतही त्याच घरातलं. हकीम कडू औषध पाकात घालून द्यायचे, म्हणून तो औषधाच्या बाटलीवर जाऊन बसला. मग शांतपणे विचारलं की पाच महिने कढईत काय ढवळतोयस असं वाटत होतं तुला.

वर्गातही शिकवलं होतं गं. साध्या सिरपमध्ये शंभरात सहासष्ट भाग साखर, मधुमेह्याला बिनसाखरेचं द्यायचं. सरांनी फळ्यावर दोनदा लिहिलं. मी वैष्णवीच्या वेणीकडे बघत होतो.

बाबांना कॉलेजचं सांगू नकोस. एवढं एक कर.

भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
प्रज्ञेश

वर्धा, १४ डिसेंबर

चि. प्रज्ञेश यास,
आशीर्वाद आहेतच.

राग आला तो इथे लिहीत नाही. मी सांगणार नाही, पण बाबांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

डॉक्टर रागावले तरी बाबांचं एकच, की पोरानं औषध बरोबर दिलं, मीच जास्त घेतलं. शेजारच्या कांताबाईंचा आठ महिन्यांचा नातू खोकतो, तर त्यांना तुझा नंबर कागदावर लिहून दिला. दवाखान्यात रांग कशाला, आमच्या प्रज्ञेशला विचारा म्हणे. बाळाला मी काल दवाखान्यात नेलं. पुढच्या वेळी मी घरी नसले तर?

काय करायचं ते तू ठरव, तोवर जीव टांगणीला लागलेली,
रतन

कात्रज, १८ डिसेंबर

आदरणीय बाबा,
स. जय भीम.

हे ताईकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून तुम्हीच वाचा.

मी फार्मसी शिकत नाही. मारामारी करून जुलैतच सोडली. सिरप पाठवलं तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि ताईनं विचारलं तर कळत असल्यासारखं बोललो. तुम्ही जास्त घेतलंत म्हणून नाही, मी पाठवलं म्हणून पडलात. ती चूक स्वतःवर घेऊ नका. तुम्ही ती घेता, तेच मला सगळ्यात जास्त लागतं.

आजच कांताबाईंकडे जा आणि माझ्या नंबराचा कागद परत मागा. ताईला पाठवू नका. त्यांनी तो तुमच्या शब्दावर ठेवला आहे, तुमच्याच शब्दावर देतील. कारण विचारतील. माझा मुलगा खोटं बोलला, असं सांगा. हे तुम्हाला बोलायला लावतोय, याची लाज मला जन्मभर पुरेल.

शनिवारी येतो. आशीर्वाद द्यायचा की नाही, ते मला समोर बघून ठरवा.

तुमचा,
प्रज्ञेश