पाहुणे आले की उभं राहायचं

प्रिय पोरी,

परवा फोनवर मी तुला इकडे यायची सुट्टी पुढे ढकल म्हणाले आणि कारण न सांगताच फोन ठेवला. तू दुखावलीस, ते मला कळलं. आता बसून वाच आणि पूर्ण वाचून होईपर्यंत मला फोन करू नकोस.

तुझी ठकी जेवते, झोपते. दुपारी खिडकीपाशी खुर्चीत असते. समोरच्या गॅरेजमधल्या माणसाने गाडीखालून डोकं बाहेर काढलं की अजून तशीच खिदळते. तुझा फोटो मी तिच्या नजरेच्या उंचीवर लावलाय. माझी कंबर धरते अधूनमधून, पण ते वयाचं आहे, त्यात विशेष काही नाही.

तपासणीचं मी तुला अर्धंच सांगितलं होतं. ठकीच्या पायांत जन्मापासून जे आहे ते अजून आहे का, हे सरकारला दर थोड्या वर्षांनी बघावंसं वाटतं, म्हणून तपासणीच्या बाई आल्या. सरकारकडून येणाऱ्या मदतनीस मावशीने सकाळीच ठकीला आंघोळ घालून इस्त्रीचा फ्रॉक चढवला होता. मी जन्मभर शाळेत कवायत शिकवली. वर्गात कुणी आलं की उभं राहायचं, हे मी तुला शिकवलं आणि तुझ्या लेकीलाही. तुला एका दिवसात आलं, तिला कित्येक वर्षं लागली. बाई दारात दिसल्या आणि सवयीने माझ्या तोंडून निघालं, “ठके, पाहुणे.” ती टेबलाची कड धरून उठली. पाय लटपटत होते, पण मान ताठ. मला इतका अभिमान वाटला की बाई खाली मान घालून काय लिहीत होत्या, तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

त्यांनी लिहिलं होतं, उभी राहते. त्यावर मावशी बंद झाली, शाळेची गाडी बंद झाली आणि मला मिळणारा भत्ता निम्म्यावर आला. उभी राहणारी मुलगी कोपऱ्यावरच्या बसपर्यंत जाऊ शकते, असा त्यांचा हिशेब. मी कार्यालयात जाऊन साहेबांना विचारलं, की रस्त्यावरचा विजेचा खांबही उभा असतो, त्याला पाठवता का शाळेत? साहेब हसले. माणूस वाईट नाही. म्हणाले, आजी, माझ्या हातात काही नाही, तुम्ही फेरतपासणी मागा. मागितली. तारीख कधी मिळेल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तोवर ठकी घरी आणि मी तिच्यासोबत. तिला एकटीने उचलून न्हाणीत नेताना मी दोनदा भिंतीवर आदळले. हेही तुला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी कार्यालयात बाकावर शेजारी एक आई बसली होती, मांडीवर मोठा मुलगा. माझी हकिगत ऐकून ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मीच अजाण. म्हणाली, “तपासणीच्या दिवशी आम्ही पोराचे केससुद्धा विंचरत नाही. तुम्ही उभं केलंत?”

घरी आले ती ठरवूनच. टेबल भिंतीला सरकवलं. सकाळचे व्यायाम थांबवले. खुर्चीचा पट्टा घट्ट केला. शेजारीण डोकावली, दुधवाला आला, की ठकी पट्ट्यात उठायला धडपडायची. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “बस.” ती माझ्याकडे वळून बघायची. चूक कुठे झाली, ते तिला कळत नव्हतं. सुरुवातीला रडली. मग माझ्या हाताची वाट बघायला लागली, आणि नंतर हाताचीही गरज उरली नाही. शिकवायला वर्षं लागली होती, विसरायला एवढासा वेळ पुरला. तू दारात आलीस तर मी कितीही दाबलं तरी ती उठेल आणि सगळं पुन्हा सुरू होईल, म्हणून तुला येऊ नको म्हटलं. एकदा तपासणी पार पडली, मावशी परत आली, की पुन्हा शिकवू, असा माझा बेत होता. मला वाटलं, कवायतच तर आहे, सुट्टीनंतर मुलं करतातच की.

काल फेरतपासणीची तारीख कळली, पुढच्या सोमवारची. आज सकाळी, फक्त खात्री करून घ्यायला म्हणून, मी पट्टा सोडला, टेबल तिच्यापुढे ओढलं, दाराबाहेर जाऊन परत आत आले आणि म्हटलं, ठके, पाहुणे. ती बसून राहिली. आज्ञाधारक मुलीसारखी. मग मी तिला काखेत धरून उचललं, तर गुडघे सरळच होईनात. टाचा जमिनीला टेकेनात. ओढलं तर दुखलं तिला. ओरडली नाही, नुसतं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. सरकारी दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सांधे असे आखडले तर कधी सुटतात, कधी नाही, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि बघायला त्यांच्याकडे जागा पावसाळ्यानंतर आहे.

सोमवारी तपासणीच्या बाई येतील आणि या वेळी त्यांना हवं तेच दिसेल. मावशी परत येईल, गाडीही येईल. मला काहीच खोटं बोलावं लागणार नाही. पोरी, मी हे पत्र सुट्टी ढकल म्हणायला लिहीत नाही. तू ये. सोमवारच्या आधी ये, आणि नाहीच जमलं तर त्या बाई समोर बसल्या असतानाच ये. मी पट्टा सोडून ठेवीन, टेबल पुढे ठेवीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. माझ्या शब्दावर ती आता उठत नाही. तुला बघून उठते का, ते मला बघायचंय. उठली तर त्यांना काय लिहायचं ते लिहू देत.

तुझीच,
आई