सात नंबरच्या टोपलीपुढचा मोह

१ मार्च, रविवार
पुतण्या पंकजने घरामागच्या मोहाच्या रानात डिस्क गोल्फ काढला, त्याला महिना होत आला. नागझिऱ्यात वाघ दिसला नाही की पर्यटक साकोलीकडे परतताना इथे थांबून प्लास्टिकच्या थाळ्या फेकतात. साखळ्यांच्या लोखंडी टोपलीत थाळी पडली की टाळ्या. वाघाची भरपाई.
सात नंबरच्या टोपलीपुढे आमचा सर्वांत जुना मोह. बहुतेक थाळ्या त्यालाच बसतात. छातीच्या उंचीवर साल निघून आतलं लाल दिसतंय. जाऊबाईंनी, पंकजच्या आईने, त्यावरून हात फिरवला. यंदा फुलं धरेल का, एवढंच विचारलं. त्यांची वर्षाची मोहफुलं मुख्यतः याच झाडाची.

४ मार्च
नागपूरचा कोच चेतन आला. (यापुढे चे. पूर्ण नावाला शाई कशाला.)
"मॅडम, एकदम ट्री-फ्रेंडली गेम आहे हा. एक पण झाड तोडलं नाही आपण."
असली वाक्यं कापण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवरची सगळी वर्षं गेली. आता घरात येऊन बोलतात, कापता येत नाहीत.
टोपली हलवा म्हटलं. नाही म्हणे, झाड चुकवून फेकण्यातच खरी मजा. चुकवताना तर कोणी दिसलं नाही.
शेवटी उपाय निघाला, खोडाला तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, गुंडाळायचं. पंकजने जाड थर देऊन दोरीने आवळलं, फोटो टाकला. भरपूर लाइक.

७ मार्च
तणीस गाईंनी खाल्लं. अर्थात.
रब्बी निघाली की गावची गुरं मोकळी सुटतात हे चे.ला ठाऊक नसेल. पंकजला? इथेच जन्मला, इथेच वाढला. तणसासोबत सैल झालेली सालही ओढली गेली. जखम आता हातभर.
जाऊबाई त्याला म्हणाल्या, "झाडाले गव्हाण बांधली तुनं, मंग गाई नाही येतीन त् कोन येईन?"

१२ मार्च
नवा उपाय. टायरचे तुकडे, खोडाला खिळ्यांनी ठोकलेले. झाड वाचवायला झाडाला खिळे. बातमी म्हणून कोणी लिहून आणलं असतं तर परत पाठवलं असतं, इतकं सोपं व्यंग चालत नाही म्हणून.
पंकजला विचारलं, कल्पना कोणाची. "सर म्हणे काकू, बाहेरच्या देशात असंच करते."
नेटवर पाहिलं. तिकडे झाडापुढे थोडं अंतर सोडून लाकडी खांब रोवतात, मार खांब खातो. त्याला दाखवलं. "दिसाले बेकार दिसन ना."
संध्याकाळी जाऊबाई आणि मी पकडीने खिळे उपटले. काही आत मोडले.

१८ मार्च
दरवर्षीप्रमाणे जाऊबाईंनी झाडाखालचा पाला ओढून पेटवला. जमीन साफ झाली की फुलं दिसतात, वेचता येतात. सगळं गाव असंच करतं. चे. मोबाइल घेऊन हजर.
"मॅडम, आमच्या डिस्कनं साल निघते, मान्य. अन् तुमच्या आगीनं?"
वाकून पाहिलं. बुडाशी जळून जळून पोकळी झाली आहे. माझा हात कोपरापर्यंत आत गेला.
मूर्ख माणूस सगळंच चुकीचं बोलला असता तर किती बरं.
जेवताना जाऊबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "मी का नवीन आग लावून राहिली का? सासूबाई लावत."
सासू दोघींची एकच.

२० मार्च
चे.ला पोकळीचा उपयोग सापडला. झाड धोक्याचं आहे, ५ एप्रिलच्या स्पर्धेआधी पाडून टाकू. पंकज मान डोलावतोय. एक पण झाड तोडलं नाही म्हणणारा तो हाच गृहस्थ.
जाऊबाई म्हणाल्या, "पाहू मले, कोन हात लावते त्."
रान जाऊबाईंचं आणि माझं आहे, याची मी पंकजला आठवण करून दिली. त्याचा चेहरा उतरला. ठरलं ते असं: झाड पाडायचं नाही. जाऊबाई आग लावणार नाहीत. पंकज टोपली बाजूला घेईल.
जाऊबाई अजून धुसफुसताहेत. पाल्यातून फुलं कशी वेचायची म्हणे.

२६ मार्च
फुलं पडू लागली. जाऊबाईंनी झाडाखाली शेडनेटची हिरवी जाळी अंथरली. फुलं स्वच्छ मिळतात, पण कबूल करत नाहीत. "मातीचा वास नाही लागत त्याईले."
त्यांनी शब्द पाळला. टोपली जागेवर. चे. म्हणतो खाली सिमेंट आहे, वेळ लागेल.

३१ मार्च
टोपली जागेवर. थाळ्या जाळीवर येतात, फुलं चेंगरतात. खोडावर ताजा घाव, चीक ओघळतोय.
झाडापुढे मी स्वतः बांबू रोवले होते. खेळात अडथळा म्हणून चे.ने काढले. अडथळा म्हणून झाड हवं, बांबू नको.

४ एप्रिल, शनिवार
उद्या स्पर्धा. मांडव, स्पीकर, फलक: 'निसर्ग हाच आमचा खेळाडू'. अर्थ लावून पाहिला, सोडून दिला.
टोपली जागेवर. सोमवारी नक्की, म्हणे.
दुपारी पंकज आला. "काकू, उद्याच्या दिवस आईले घरी थांबव ना. सकाळीच पहिला राउंड हाय, अन् ते जाळी टाकून मधातच बसन."
"मोहाले सांग, उद्या फुलं पाडू नको म्हणून."
हसला नाही. "लागन ना तिले थाळी."
"झाडाले लागते तशी?"
तो मांडवाकडे गेला. चे. हाका मारत होता.
जाऊबाईंना निरोप दिला. त्यांनी जाळी झटकली, घडी घालून दाराशी ठेवली. "तू येतं का?"
हो म्हटलं. कंबरेमुळे वेचणं होत नाही. खोडाला पाठ लावून बसता येतं. ज्या बाजूने थाळ्या येतात, त्या बाजूला.