तिसरीचा वर्ग खाली आला

आवडी, चेन्नई

प्रिय कुमुदिनी,

आधी आनंदाची बातमी: तुझ्या बापाची नोकरी दुसऱ्यांदा गेली! पहिल्यांदा फॅक्टरीने वय झालं म्हणून घरी बसवलं, आता तुझ्या आठ वर्षांच्या लेकीने. बँकेचं ट्रेनिंग टाकून नागपूरहून धावत येऊ नकोस, सगळं क्षेम आहे.

तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर, म्हणून जूनपासून रोज मी कीर्तीला पाठुंगळीला घेऊन चोवीस पायऱ्या चढत होतो. व्हीलचेअर खाली, आम्ही वर. वॉचमन सलाम ठोकायचा, मुलांच्या आया कौतुक करायच्या आणि माझी छाती फुगायची. पोरगी मात्र मधल्या सुट्टीतही वर बाकावरच बसून असायची, कारण सगळी मुलं खाली खेळायला पळायची. हे मला दिसत होतं, पण स्वतःचं कौतुक ऐकताना माणूस आंधळा होतो. गेल्या सोमवारी तिने जिन्यापाशी खुर्चीला ब्रेकच लावला. म्हणाली, आजोबा, मी काय तांदळाचं पोतं आहे? वर्ग खाली येईल तेव्हाच शाळेत येईन. हट्टात थेट तुझी आई!

तीन दिवस पोरगी घरात. जावईबापू हेरंबरावांची तर कामावर सकाळची पाळी. मग तू मुख्याध्यापिका महालक्ष्मीबाईंना फोनवर कायदा ऐकवलास, की अपंग मुलांना इतरांबरोबर शिकण्याचा हक्क आहे आणि त्याची सोय शाळेनेच करायची. बाईंनी लगेच वर्गांची अदलाबदल केली. गुरुवारी तिसरी खाली आली, पाचवी वर गेली. काल मधल्या सुट्टीत कीर्ती मैदानात खो-खोची पंच होती. तमिळमध्ये असा काही आरडाओरडा, की पाचवीची मुलंही तिला वचकून होती. मी फाटकाबाहेर उभा राहून बघितलं आणि खरं सांगतो, रडलो.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये बाईंनी आपणहून विचारलं होतं, सर, तिसरीचा वर्ग खाली आणू का? मीच ऐटीत म्हणालो, कशाला, मी आहे ना. तू नागपूरला निघायच्या गडबडीत होतीस, तुला सांगितलं की शाळा ऐकत नाही. तुझी बोलणी त्या माउलीने खाल्ली, पण माझं नाव घेतलं नाही. आज जाऊन त्यांची माफी मागितली, मग कीर्तीची. आता उरलीस तू. माझ्यावर हवी तेवढी रागाव, पण आधी बाईंना फोन कर.

तुझाच,
बाबा